पितळी पिंजरा

इनासकाकांचा पितळी पिंजरा मी वितळवला. ही झाली चूक. पण नंतर त्यांच्या तोंडावर मी सांगितलं की तो तुमच्याच हातून गेला असेल. त्याला चूक म्हणत नाहीत, त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो मी सात महिने टाळत राहिलो.

पिंजरा खराखुरा नव्हता, मोबाईलवरच्या उंदीर पकडायच्या खेळातला होता. वाचून कुणाला हसू येईल. तेव्हा मलाही तो खेळच वाटला होता, म्हणून तर हे घडलं.

सातिवलीत आमचा प्लास्टिकचे क्रेट बनवणारा छोटा कारखाना आहे. मी तिथे स्टोअर सांभाळतो आणि इनासकाका गेटवर होते. ते पाचूबंदरच्या कोळीवाड्यातले. सगळं आयुष्य समुद्रात गेलं, गुडघे बोलायला लागले तेव्हा जमिनीवर आले. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच सकाळी गेटवर सही करत होतो, इतक्यात त्यांच्या खिशातून भोंगा वाजला. काकांनी माझ्या हातातून रजिस्टर काढून घेतलं, चष्मा सदऱ्याला पुसला, कपाळावर क्रुसाची खूण केली आणि मोबाईलवर बोट टेकवलं.

"लागला," ते म्हणाले.

"काय लागलं?"

"उंदीर!"

मी दचकून खुर्चीखाली वाकून बघितलं. काका इतके हसले की त्यांना खोकला आला. "खाली काय बघतंस? कुठला तू?"

"एव्हरशाईन सिटी," मी आमच्या नव्या इमारतींच्या वसाहतीचं नाव सांगितलं.

"तरीच! घरात उंदीर बघितला नसंल कधी." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'एव्हरशाईन' झालो. माझं खरं नाव त्यांनी फक्त रजिस्टरमध्ये लिहिलं.

खेळ साधा होता. दर पंधरा मिनिटांनी भोंगा वाजवायचा आणि आपल्या पिंजऱ्यात काय सापडलं ते बघायचं. पिंजऱ्याचे दोन भाग, वरचं हत्यार आणि खालचा पाट. आमिष म्हणून चीज. उंदीर मात्र शेकडो तऱ्हांचे, खेळातल्या प्रत्येक गावाचे वेगळे, आणि एका जातीला चालणारा पिंजरा दुसरीला चालत नाही. काकांनी मलाही खेळायला लावलं. मी सगळ्यात जास्त ताकदीचं हत्यार घेतलं, त्याखाली सगळ्यात जड पाट ठेवला, आणि दोन दिवस एकही उंदीर सापडला नाही. उलट चीज खाऊन गेले.

काकांनी माझा मोबाईल हातात घेऊन बघितला. "हत्यार लय भारी हाय. पन तिकडे राहतो कोन, ते इचारलंस का? हे भुताचे उंदीर हायत. भुताला हातोडा मारून काय व्हनार? कोलंबीला बोंबलाचं जाळं लावतंस तू."

मग त्यांनी टेबलावर खडूने जाळ्याचे आस काढून दाखवले, म्हणजे जाळ्याची भोकं, लहान आणि मोठी. कुठल्या माशाला कुठला आस, पाणी कसं ओढत असेल तेव्हा जाळं कुठे बांधायचं, हे सगळं त्या उंदरांच्या खेळाला त्यांनी लावलं होतं. नवं हत्यार घ्यायच्या आधी ते आठवडाभर विचार करत. "जुन्यानं काय चुकलं ते कळल्याबिगर नवा घ्यायचा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्टोअरमध्ये मी नवीन मशीनचा कॅटलॉग चाळत असलो की दारातूनच ओरडत, "एव्हरशाईन, जुन्यानं काय चुकलं?" खरं सांगायचं तर कारखान्याची निम्मी खरेदी मी त्या वाक्याने सुधारली.

त्यांच्याकडे अशी वीस-बावीस हत्यारं होती, ते त्यांना पिंजरेच म्हणत. त्यातला एक पितळी. ताकद बेताची, दिसायला जुन्या कंदिलासारखा. खेळाच्या कुठल्याशा वाढदिवसाला तो निघाला होता आणि पुन्हा कधीच निघाला नाही. तो त्यांना पाठवला होता पीटरने, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने. दोघांची मिळून एक बोट होती, 'देवदूत'. पीटरला बोट विकून परदेशी जहाजावर जायचं होतं, काकांना नव्हतं. बोट विकली गेली आणि भावांचं बोलणं संपलं. अकरा वर्षं! काकांनी खेळात स्वतःचं नाव 'देवदूत' ठेवलं होतं. जगात कुठल्या तरी समुद्रावर पीटरही तोच खेळ खेळत होता. त्याने ते नाव ओळखलं, आणि एका नाताळला चिठ्ठी नाही, काही नाही, फक्त पितळी पिंजरा आला. मग रोज एक चीजचा तुकडा.

"बोलत नाय, चीज देतो," काका सांगत. रविवारी चर्चमधून मिस्सा करून आले की ते दुसरं हत्यार काढून पितळी पिंजरा लावत. भावाला तिकडून दिसतं, की आज इनासने कुठला पिंजरा लावलाय. "त्यानं बघितला की बस. इनास बरा हाय, एवढं कळतं त्याला."

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी ते केलं.

काकांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठ-दहा दिवस मोबाईल बघायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांनी मला खेळाचा पासवर्ड दिला. "भोंगा वाजव, चीज संपू देऊ नको. हत्याराला हात लावायचा नाय."

धुक्याच्या बंदरातला एक काळा उंदीर काकांना वर्षभर हुलकावणी देत होता. मला वाटलं, ते परत येतील तेव्हा तो पकडून दाखवावा. त्याच्यासाठी लागणारं हत्यार बनवायला पितळ हवं होतं, आणि पितळ मिळायचं ते जुना पितळी पिंजरा वितळवूनच. खेळाने विचारलं, हा परत मिळणार नाही, नक्की का? मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. वस्तू ताकदीवरून मोजायची माझी सवय गेली नव्हती.

काळा उंदीर काही सापडला नाही. काका परत आले, नव्या नजरेने मोबाईल उघडला आणि पिंजऱ्यांची यादी दोनदा खालवर केली. "पितळी कुठं हाय रं?"

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "मी उघडलं तेव्हा तो वितळलेलाच होता, काका. मी उरलेल्या पितळेचं नवं हत्यार केलं. ऑपरेशनच्या आधी तुम्हाला नीट दिसत नव्हतं, तुमचंच बोट पडलं असेल."

"बोट पडला आसंल. पन नक्की का म्हनून दोन वेळा इचारतो तो. तिथं पन मी हो म्हनलो?"

"म्हणाला असाल."

काकांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "मंग हे डोळ्याचं नाय. डोक्याचं हाय. आमची आय पन अशीच इसरायला लागली व्हती."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा आणायला गेलो.

पुढच्या रविवारी पीटरला पितळी पिंजरा दिसला नाही. त्या आठवड्यात पीटरचं चीज यायचं थांबलं. दोन महिन्यांनी काकांनी नोकरी सोडली. मालकांना सांगितलं, "उद्या इसरून गेट उघडा टाकून जाईन मी." त्यांच्या राजीनाम्याच्या कागदावर साक्षीची सही करायला मीच होतो. खेळात त्यांचा भोंगाही बंद पडला. मी पाचूबंदरला जायचं टाळत राहिलो.

परवा गेटच्या टेबलाचा खण साफ करताना त्यांची एक वही सापडली. प्रत्येक पानावर काकांचं गोल अक्षर. 'दार लावला. चावी खिशात. डबा खाल्ला. दार लावला, परत बघितला.' पानंच्या पानं. स्वतःवर विश्वास उरला नाही म्हणून माणूस स्वतःचीच हजेरी घेत होता. आणि तो विश्वास मी काढून घेतला होता, एका वाक्यात.

रविवारी मी गेलो. बांबूंवर बोंबील वाळत होते. काका ओट्यावर बसले होते. समोर भाच्याचं फाटलेलं जाळं, शेजारी जाळं शिवायची सुई, हात मांडीवर.

"एव्हरशाईन! वाट चुकलास काय?"

"काका, पितळी पिंजरा मी वितळवला."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. "तुम्ही नाही. दोन्ही वेळा मीच हो म्हटलं. आणि खोटं बोलून तुमच्यावर ढकललं."

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. तळवे उलटे केले, सुलटे केले. "म्हनजे बोट माझा नाय पडला?"

"नाही."

"आनि डोका?"

"डोकं चांगलं आहे तुमचं. माझं नव्हतं."

मग ते चिडले. मी त्यांना चिडलेलं प्रथमच बघितलं. "सात महिने! डाळीत मीठ घातला का नाय म्हनून तीनदा चाखतो मी. जाळ्याला हात लावत नाय, गाठ चुकंल म्हनून. पोरं हसतात. आनि तू तिकडे एव्हरशाईनमध्ये बसून हायस!"

मी मान खाली घालून उभा राहिलो. "काका, माफ..."

"माफी मना नंतर." त्यांनी जाळं ओढून मांडीवर घेतलं, सुई उचलली आणि एक गाठ मारली. ताणून बघितली. दुसरी मारली, ती ताणून बघितली नाही. तिसरी माझ्याकडे बघत बघत मारली. मग हसू दाबत म्हणाले, "आधी पीटरला सांग. त्याला वाटला आसंल, इनासनं त्याचा पिंजरा मोडला. मी काय सांगनार व्हतो? इसरलो सांगू?"

त्यांनी सदऱ्यातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला. मी खेळ उघडला, पीटरच्या नावाने एक चीजचा तुकडा निवडला. खाली चिठ्ठीसाठी दोन ओळींची जागा होती, इतकी वर्षं दोघा भावांनी कोरी ठेवलेली.

"लिव," काका म्हणाले. "आनि नक्की का म्हनून इचारला, तर हो म्हन."

मी लिहिलं, 'पीटरभाऊ, पितळी पिंजरा इनासकाकांनी नाही मोडला, मी मोडला आणि त्यांच्याशी खोटं बोललो. तुमच्या दोघांचीही माफी मागतो.'