मृण्मयीचा चौथा नंबर

मंडळी, आत्ताच स्केटिंगच्या स्पर्धेहून घरी आलेय. कुणाशी तरी मराठीत बोलावंसं वाटलं, म्हणून इथे लिहितेय.

माझी मुलगी मृण्मयी बारा वर्षांची आहे. ती फिगर स्केटिंग करते. चेन्नईत बर्फ कुठला, चाकांचे स्केट्स घालून सिमेंटवरच गिरक्या आणि उड्या. आज राज्याच्या संघासाठी निवड होती. पहिल्या तिघी जाणार होत्या.

मृण्मयी कुठेही न अडखळता खेळली. तिच्यानंतरची मुलगी दोनदा पडली. तरी ती तिसरी आली आणि आमची चौथी. परीक्षकांमधले एक सर त्या मुलीचेच कोच आहेत, हे तिथे सगळ्या पालकांना ठाऊक होतं. 

मीच जाऊन त्यांना विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पडण्याचे मार्क कापलेत. पण तिचं सादरीकरण वरचं होतं. ते बाहेरून कळत नाही."

ती मुलगी मात्र मृण्मयीजवळ आली, "सॉरी अक्का" म्हणाली आणि मान खाली घालून निघून गेली.

ऑटोत मृण्मयी रडली नाही. घराजवळ, मैलापूरला आल्यावर म्हणाली, "आई, मला त्या सरांच्याच क्लासला घाल ना."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच होईल. हो म्हटलं, तर ती नेमकं काय शिकेल?

तुम्ही तुमच्या मुलीला काय सांगितलं असतं?