आज किती मारले?

हबीबभाई गेल्याचं पत्र त्यांच्या मुलानं टाकलं होतं, पण ते परतूरला माझ्या हाती पडलं तेव्हा माती होऊन आठ दिवस झाले होते. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या मरणाच्या तारा वेळेवर पोचवल्या, त्याचीच बातमी मला उशिरा मिळाली. राग आला. कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

आम्ही दोघं जालना स्टेशनवर. ते तारबाबू, मी मालबाबू. क्वार्टर शेजारीशेजारी, मधे काटेरी कुंपण. कापसाच्या गाठी माझ्याकडे आणि अख्ख्या संस्थानाची काळजी त्यांच्याकडे, अशी वाटणी होती. साल अठ्ठेचाळीस. कुठली गाडी अडवली, कुठल्या गावात काय घडलं, हे गावाच्या आधी त्यांना कळायचं आणि बोलायची मात्र बंदी. बातमी पोटात साठली की त्यांचा उजवा हात कापायचा. तारबाबूचा हात कापायला लागला म्हणजे नोकरीच संपली.

बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या इंजिनियरनं त्यांना गोल्फच्या दोन काठ्या आणि पिशवीभर पांढरे चेंडू दिले होते. ड्यूटी संपली की हबीबभाई जुन्या छावणीच्या माळावर जायचे आणि एकटेच चेंडू टोलवत राहायचे. मला तो खेळ निव्वळ वेडगळ वाटे. आपणच दूर टोलवायचा, आपणच शोधत हिंडायचं! एकदा मी तसं म्हणालोही. त्यावर ते म्हणाले, “वामनराव, खेळून न्हाई राह्यलो मी. चेंडूकडं बघतो, तवर डोक्यात एकबी तार वाजत न्हाई. बिलकुल शांत. मंग घरी येऊन भाकर गोड लागती.” खरंच, परत येताना त्यांचा हात स्थिर असायचा. मी कुंपणाआडून हटकायचो, “आज किती मारले?” ते म्हणायचे, “चाळीस मारले. तीन गायब.” रोजचं ठरलेलं बोलणं. कोण ऐकतंय, कसं ऐकतंय, याचं भान दोघांनाही नव्हतं.

सप्टेंबरात संस्थान पडलं. दोन-चार दिवसांत फौजेचा एक अधिकारी फलाटावर खुर्ची टाकून बसला आणि लोक एकेकाला रझाकारांचा साथीदार म्हणून धरून त्याच्यापुढं आणू लागले. काही गाऱ्हाणी खरी होती, काही जुन्या भांडणांची. एका दुपारी हबीबभाईंना आणलं. स्टेशनसमोरचा एक दुकानदार सांगत होता, “साहेब, ह्यो रोज सांजच्याला मोजायचा. चाळीस मारले, तीन गायब. म्या सोता ऐकलंय. कुंपनापलीकडं कोन होतं, ते दिसलं न्हाई.”

गर्दी पुढं सरकली. दोघाचौघांच्या हातात काठ्या होत्या. अधिकाऱ्यानं विचारलं, “किसको बोलते थे?”

मी सहा पावलांवर, गाठींच्या थप्पीआड उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं... साहेब, ते चेंडू मारायचे, मीच विचारायचो. पण त्या घटकेला ‘मीच’ म्हणणारा माणूस सामील ठरला असता, असं मला वाटलं. वाटलं कसलं, भ्यालो. घरात बायको, पाळण्यात पोर. मूग गिळून उभा राहिलो. हबीबभाईंनी मला पाहिलं आणि नजर लगेच काढून घेतली.

“याद नहीं, साहब,” ते म्हणाले. “गेंद मारता था. लकड़ी मंगाइए, दिखाता हूं.”

कुणीतरी क्वार्टरमधून काठी आणि चेंडू आणले. मालधक्क्यापलीकडच्या मोकळ्या जागेत त्यांनी चेंडू ठेवला. हात असा कापत होता की काठीचं टोक जमिनीवर वाजत होतं. पहिला टोला हुकला, नुसती माती उडाली. मागून आवाज आला, “बघा, येत न्हाई त्याला.” मग ते चेंडूकडं बघत उभे राहिले... इतका वेळ की अधिकारी खुर्चीतून उठला. टोला बसला. चेंडू सिग्नलच्या वरून पार रुळांपलीकडं गेला. अधिकारी हसला. “छोड़ दो इन्हें.” लोक पांगायला लागले, तेव्हा मी थप्पीआडून बाहेर आलो आणि मोठ्यानं म्हणालो, “चेंडूच मारायचे, साहेब. मीच विचारायचो.” कुणी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढं आठ वर्षं आम्ही शेजारी राहिलो. हबीबभाई माळावर जात राहिले. त्या दुपारचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मी तर कुंपणापाशी जायचंच टाळू लागलो.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन आलो. भाभींनी सूनबाईंना हाक मारली. “बघ, हेच ते वामनराव. तवा कुनाची हिंमत न्हाई झाली. ह्येच सगळ्यात आधी पुढं आल्ते. तुझे सासरे नेहमी म्हनायचे, वामनराव बोलले म्हनून मी वाचलो.” सूनबाईंनी पदर सावरून अदबीनं सलाम केला. मी तो सलाम घेतला. चहाही घेतला. गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल, ती त्या घरी येते. भाभींना वाचता येत नाही, सूनबाई मात्र मराठी शाळेत शिकलेल्या आहेत. त्यांनी हे भाभींना वाचून दाखवावं.