सर्व्हरची पूजा

"तू हितंच थांब," मालक म्हणाले. "आत पूजा हाय. कारखान्याच्या लोकास्नी तुझं आडनाव ठावं हाय."

मी थांबलो. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ. बॅग पोटाशी धरून.

कडेगावकडचा कारखाना. नव्वदीतला काळ. हंगामाचा पहिला दिवस, आणि नवाकोरा सर्व्हर. त्यावर चढवायचा ऊस-वजनाचा प्रोग्राम मी लिहिला होता. सांगलीच्या विश्रामबागेत, मालकांच्या ऑफिसात बसून, महिनोन्‌महिने. फ्लॉप्यांवर मीच भरला, नंबर मीच घातले.

चढवणार मात्र अभय. मालकांचा पुतण्या. आयत्या बिळावर नागोबा. काचेतून दिसत होता. एसीच्या गारव्यात, कपाळाला टिळा, चेअरमन त्याच्या खांद्यावर शाल घालतायत. मी जळत होतो. खरं सांगतो, जातीची चीड नंतर आली. आधी त्या शालीवर जळलो.

भटजींनी फ्लॉप्या पाटावर मांडल्या. हळद, कुंकू, अक्षता, वर पळीभर पाणी. कुंकवानं सौभाग्य वाढत असेल, फ्लॉपी चालत नाही. मधलीच एक मशीनला वाचता येईना. अभय घाम पुसत दारात आला. दुसरा सेट माझ्या बॅगेत असतो, हे त्याला माहीत होतं.

"दे. आणि तू आत नको येऊस. काय करायचं ते हितनंच सांग."

माझी आई विहिरीवर लांबून ओंजळ धरायची. वरून ओततील तेवढं पाणी. माझा हात बॅगेत गेला होता. मी तो रिकामाच बाहेर काढला.

"देत न्हाई," मी म्हणालो. "माझी फ्लॉपी मीच घालणार मशीनमधी."

मालकांनी नोकरीची आठवण करून दिली. मी हललो नाही. काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग वाढत चालली होती. शेवटी चेअरमनच वैतागले. "येऊ द्या त्याला आत."

रांगोळी ओलांडून मी आत गेलो. प्रोग्राम चढवला. पहिल्या ट्रॉलीचं वजन पडद्यावर उमटलं. टाळ्या वाजल्या. चेअरमननी हात मिळवला तो अभयशी. मला एकानं वरूनच पेढा सोडला. मी हात पुढं केला नाही. पेढा फरशीवर पडला.

सांगलीला येऊन नोकरी सोडली. जळणं काही सुटलं नाही. अजून जळतो, आणि ते मला विझवायचंही नाही. फक्त आता मला कुणाचा सत्कार नको. मला ती खोली पाहिजे, किल्लीसकट. मी लिहिलेलं यापुढं दुसऱ्याच्या हातानं चढणार नाही. आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून मी कुणाला काही देणार नाही.