कठड्यावरचे सेल

चैत्राचं ऊन गच्चीवर उतरलं की कठड्याच्या सिमेंटला एक कोरडा, करपट वास सुटतो आणि त्या वासाबरोबर मला आठवते ह्यांनी मांडलेली सेलांची रांग. रेडिओचा आवाज मंदावला की लोक नवे सेल आणतात. आमच्याकडे आधी जुने उन्हात तापवायचे, त्यांच्यातून आणखी चार गाणी काढायची आणि मगच दुकानाची वाट धरायची. खानदेशच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा, असं हे म्हणत. एका उन्हाळ्यात तर यांनी माझ्या वाळत घातलेल्या बिबड्यांच्या, ज्वारीच्या पापडांच्या, खाटेवरच सेल मांडले. त्यातला एक पाझरला आणि ज्वारीचं भिजवण, दळण, घाटणं, पहाटेपासून मोडलेली माझी कंबर, सगळं उकिरड्यावर गेलं. आठवडाभर मी यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, बिबड्यांपेक्षा तो आठवडाच फार महाग पडला.

हे गेल्यावर रेडिओ मुका झाला, पण सेल राहिले. सकाळी ताटात घालून ते वर न्यायचे, कठड्यावर मांडायचे आणि दिवस कलला की खाली आणायचे. पाझरलेल्या सेलांत ऊन प्राण फुंकत नाही, हे जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला कुणी सांगायला नको. पण संध्याकाळी घरात आणावं असं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. लेक पुण्यात, तिचा फोन रविवारी. बाकीचे दिवस देवपूरच्या या घरात माझ्या पावलांचा आवाज मलाच मोठा वाटतो.

यंदा कॉलनीतल्या बायकांनी संपलेल्या सेलांसाठी मंदिराच्या ओसरीत एक डबा ठेवला. घंटागाडीत पडलेला सेल ढिगात जातो, ढिगातून मातीत, मातीतून पाण्यात. त्यापेक्षा ते एकत्र करून कारखान्यात धाडावेत, आतला धातू पुन्हा कामी यावा. मला पटलंच होतं, वर्गात मीच हे शिकवत आले होते. तरी ताट उचलवेना. शेवटी समोरच्या घरातल्या अक्का कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. त्यांची दोन्ही मुलं सुरतला, त्याही माझ्यासारख्याच एकट्या.

“बठ्ठा दी टाक वं बाई,” त्या म्हणाल्या, “मरेल सेल घरमा काब्रं ठेवस?”

सगळे देऊन टाक, मेलेले सेल घरात कशाला, असं त्यांनी ठरवल्यावर त्यांच्यापुढे कुणाचं चालतं? दोघी मिळून गेलो. डब्याच्या तळाशी पहिला सेल खणकन आपटला. नंतरचे एकमेकांवर पडत गेले, त्यांचा आवाज मऊ होत गेला. यांच्या बोटांनी पुसलेली शेवटची वस्तू मी देऊन आले होते, आणि करायला हवं तेच केलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, म्हणून रडूही धड आलं नाही.

त्या संध्याकाळी मी वर गेलेच नाही. आणायचं काय होतं? ओट्याशी रिकामं ताट घासत बसले. बाहेर पिवळट उजेड विझत चालला होता, लिंबाच्या मोहोराचा कडसर गोड वास खिडकीतून येत होता. एवढ्यात कडी वाजली. दारात अक्का, धापा टाकत, पायांत चपलाही नाहीत.

“आज गच्चीवर काब्रं नही उनी वं माय?” त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं. “रोज सांजले तुले दखस, मंगच मी दिवा लावस.”

म्हणजे मी गच्चीवर दिसल्याशिवाय त्यांच्याकडे दिवा लागत नव्हता. एवढे दिवस मला वाटत होतं, मी सेल उचलायला वर जाते.

अक्का दिवा लावायला परत गेल्या. हातातलं ताट पुसून मी जिन्याशी आले, क्षणभर थांबले, आणि ते रिकामं ताट तसंच घेऊन वर चढू लागले.