जर्मननं खेळाडू बाहेर काढला तेव्हा

मेथी निवडत बसलो होतो आम्ही दोघं, मी अन् बायको, अमेरिकेत सनीव्हेलला, मुलाच्या घरी. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. त्यापुढचं आजवर कुणापाशी बोललो नाही — मुलापाशी तर नाहीच.

दोन हजार सहाचा उन्हाळा. दुपारची वेळ. मुलगा-सून ऑफिसात, टीव्हीवर फुटबॉल. मी कोल्हापूरचा. शाळा चौथीत सुटली, पण तालमीच्या फुटबॉल टीमकडनं बॅकला वीस वर्षं खेळलो. तेव्हापासून एका जर्मन खेळाडूचं मला वेड. मोडकी बरगडी आवळून तो अख्खी मॅच खेळला होता. घरात कुणी कण्हलं की मी हेच ऐकवायचो. बायकोला किती वेळा ऐकवलं असेल?

म्हातारपणी तो इथं अमेरिकेत मॅनेजर झाला. अन् त्याची रीतच बदलली. खेळाडू जरा लंगडला की बाहेर. मॅच हातची गेली तरी बाहेर. मला ते सोसायचं नाही. मला बरगडीवाला जर्मन हवा होता. हा कडेला उभा राहून माणसं जपणारा — हा कशाला?

तर त्या दुपारी टीव्हीवर त्याच्याच टीमची मॅच होती, अन् ती म्हणाली, "अहो, छातीवर पाटा ठेवल्यागत होतंय. पोराला फोन लावा."

नंबर फ्रिजवर लिहिलेला होता. चार पावलं.

मी म्हणालो, "मॅच संपू दे. तो मोडक्या बरगडीनं खेळला, तुला बसवत नाही?"

"बरं," ती म्हणाली. "तुमच्या जर्मनला विचारून मग लावा."

मी हसलो. ती नाही हसली. पुन्हा पानं खुडायला लागली, पण हळू. घाम आला होता तिला. मला दिसला. दिसला नाही असं कसं म्हणू?

थोड्या वेळानं जर्मनच्या टीममधल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूनं मांडी धरली. जर्मननं लगेच हात वर केला, खेळाडूला बाहेर घेतलं. मी टीव्हीला शिवी दिली — भित्रा झाला साला. शेजारी ती छाती धरून बसलेली. मी वळलो नाही.

मॅच संपली तेव्हा तिची मान कलली होती. मग फोन, मग गाडी, मग दवाखाना. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, ते इंग्रजीत काय म्हणाले ते मुलाच्या तोंडावरनंच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरला तिच्या भावाला फोन केला. तो रडला, मग त्यानं विचारलं, "दाजी, अक्काला त्रास झाला का हो? काही बोलली का?"

मुलगा माझ्या शेजारीच उभा होता.

"नाही," मी म्हणालो. "काही कळायच्या आतच गेली."

अन् मुलालाही नीट ऐकू जावं म्हणून तेच पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणालो.