कार्ड नाही, नुसता नंबर

"पोर गुनाची हाय गं, पन तोंड उघडत नाय. काउंटरला मुकी बसवून काय करू? दिवाली झाली का वर सैपाकात घेते तिला."

सासूबाई गच्चीवर फोनवर बहिणीशी बोलत होत्या आणि मी टाकीच्या पलीकडे चादरी वाळत घालत होते. लग्नाला चार महिने झाले होते. चादर हातात धरून मी तशीच उभी राहिले, कारण स्वयंपाक मला येतो, पण काउंटर मला आवडतो.

न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारा सांगून मोकळा होतो, गप्प बसणाऱ्याचं गोदाम भरत जातं. माझ्या गोदामात सगळ्यात मोठा ढीग कार्डांचा आहे.

नवी मुंबईतल्या घणसोली गावात आमचं बारा खोल्यांचं हॉटेल आहे. खाली काउंटर, मध्ये खोल्या, वर आम्ही. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, भाड्याच्या खोल्या पाडून ते बांधलं. माझ्या नवऱ्याने, जितेशने, लग्नानंतर लगेच ऑनलाइन बुकिंग सुरू केलं. त्यात पाहुणा साइटवर पैसे भरतो आणि साइट आम्हाला एका कार्डाचा सोळा आकडी नंबर पाठवते. प्लॅस्टिकचं कार्ड कुठेच नसतं. पाहुणा आला की तो नंबर मशीनवर टाइप करायचा, ठरलेली रक्कम घालायची, झालं.

हे मला इथे चार ओळींत लिहिता आलं. घरात समजावणं अजून चालू आहे.

*

असा पहिला पाहुणा नागपूरचा, औषधांच्या कंपनीतला. बाबा म्हणाले, "कार्ड काढा."

त्याने स्वतःचं एटीएम कार्ड काढलं.

"ह्ये नको. साइटवालं."

"ते तुमच्याकडे आलं असेल ना, काका?"

"आमच्याकडं निसता नंबर आलाय. कार्ड तुमच्याकडं असंल."

लग्नात चपला बदलल्या गेलेल्या दोन माणसांसारखे ते एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी जितेश म्हणाला, "बाबा, कार्ड कोणाकडेच नसतं."

"मग पैसं कोनाचं घेतो आपन?"



*

दिवसाची पहिली कमाई बाबा एकवीरा आईच्या फोटोला लावतात, मग गल्ल्यात टाकतात. नंबरवाल्या कार्डाचं काय लावणार? त्यांनी तोड काढली. मशीनमधून निघालेली चिठ्ठी लावायची.

एका सकाळी त्यांनी चिठ्ठी फोटोला लावली, कपाळाला लावली, डोळे मिटले. मला तिच्यावर 'डिक्लाइन्ड' दिसत होतं. ते डोळे मिटून होते तेवढ्यात मी नंबर पुन्हा टाइप केला. त्यांनी आठाच्या जागी तीन दाबला होता. दुसरी चिठ्ठी निघाली, पैसे जमा झाले.

"बघ," बाबा म्हणाले, "आई पावली."

मी मान डोलावली.

*

जितेशला धीर नाही. उद्या येणाऱ्या पाहुण्याचं कार्ड त्याने आजच मशीनवर टाकलं. नाही चाललं. परत टाकलं. चौथ्या वेळी कार्डच बंद पडलं. हेल्पलाइनवरच्या मॅडमनी वीस मिनिटं इंग्रजीत समजावलं की कार्ड पाहुणा येण्याच्या तारखेपासून चालू होतं आणि सारखं चुकीचं टाकलं तर लॉक होतं. नवीन नंबर यायला एक दिवस लागतो.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, जिन्यात लसूण सोलत ऐकत होत्या. "उद्याचं म्हावरं आज विकायला बसलास, तं टोपली रिकामीच दिसनार ना रं."

वीस मिनिटं वाचली असती.

*

जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक तरुण इंजिनिअर, कंपनीने साइटवरून केलेल्या बुकिंगवर, आमच्याकडे आठ दिवस राहिला. रोज रात्री आईंच्या हातचं तळलेलं म्हावरं खायचा आणि म्हणायचा, "कंपनीच्या कार्डात टाका." शेवटच्या दिवशी मी टाकून पाहिलं. ते कार्ड खोलीचे पैसे सोडून एक रुपया जास्त देईना. पोरगा कानापर्यंत लाल झाला, मोबाइल काढून मित्रांना फोन करायला लागला.

बाबांनी त्याच्या हातातला मोबाइल खाली ठेवला. "जेवनाला कसलं कार्ड? गाडी पकड तुझी."

आमचे बाबा असे आहेत. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते.

*

कारण मग हळद आली. चुलत दिराची. आमच्याकडची हळद म्हणजे काउंटर, मशीन, तारीख, सगळं माणूस विसरतो. एका पाहुण्याचं कार्ड टाकायचं राहिलं. तो राहून गेला, कार्डाची मुदत संपली, साइटवाले हात वर करून मोकळे. तीन दिवसांचं भाडं बुडालं.

बाबांनी त्याच दिवशी नियम केला, "आता पैसं जमा झाल्याबिगर किल्ली नाय. कोनी असू दे."

मला वाटलं होतं, बोलावं. मुदत संपायच्या आत टाकायचं एवढंच तर होतं, त्यात पाहुण्याची काय चूक? पण मी सून चार महिन्यांची.

*

दिवाळीला आठवडा होता. दुपारी जालन्याकडचे एक काका आले. धोतर, टोपी, हातात एक्सरेची मोठी पिशवी. दुसऱ्या दिवशी खारघरच्या दवाखान्यात त्यांची तपासणी होती. लेकीने पुण्यात बसून आमच्याकडे खोली बुक केली होती. घणसोली ते खारघर किती लांब, हे तिला नकाशात दिसलं नसावं.

मी वर जेवायला गेले होते तेव्हा बाबांनी त्यांचं कार्ड टाकून ठेवलं होतं. रकमेत अठरा पैसे होते. बाबांना ते बरे दिसेनात, म्हणून त्यांनी पुढचा पूर्ण आकडा केला. चार वेळा. मी खाली आले तेव्हा मशीनजवळ चार 'डिक्लाइन्ड' चिठ्ठ्या होत्या आणि कार्ड बंद पडलं होतं.

"काका, आज कॅश द्या," जितेश त्यांना सांगत होता. "उद्या कार्ड चालू झालं की परत करतो. टेन्शन नको."

"लेकीनं तर भरलेत म्हणून सांगितलं मला."

"नियम हाय आमचा," बाबा म्हणाले, पण त्यांच्याकडे न बघता.

काका वाद घालणारे नव्हते. त्यांनी अंगातल्या कोपरीच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. त्याच्यावर निळ्या पेनाने, बाईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'तपासणीचे. यातले खर्च करू नका, बाबा.' ते अक्षर अंगठ्याखाली झाकून काका नोटा मोजायला लागले.

आई चहाचा कप घेऊन जिन्यात येऊन थांबल्या होत्या. जितेश मशीनची वायर सारखी करत होता.

मी खुर्चीवरून उठले.

"काका, ते पाकीट आत ठेवा. तुमच्या मुलीने पैसे भरलेत. बाबा, कार्ड आपण बंद पाडलंय, यांनी नाही. दोनशे तीनची किल्ली द्या. आई, तो चहा काकांना. आणि उद्यापासून या मशीनला हात लावायच्या आधी सगळ्यांनी मला विचारायचं."