पिवळं टोपरं

आमच्या शेजारच्या वहिनींनी गेल्या वर्षी क्रोशाच्या वस्तू विकायला सुरुवात केली. दुकान म्हणजे ओसरीवरची खाट आणि मोबाइलवरचं स्टेटस. बोलताना त्या समोरच्याकडं बघत नाहीत, टाके मोजत राहतात. आपण गप्प झालो की म्हणतात, "बोला की, ऐकू येतंय."

बाळाचं टोपरं मात्र त्या आधी पुरं करत नाहीत. शेवटची ओळ बाळ जन्मल्याचं कळल्यावरच घालायची. तोवर सुई तशीच अडकवून टोपरं डब्यात. मला हे खूळ वाटायचं. "गिऱ्हाईक थांबतं का?" मी एकदा विचारलं.

"थांबतंय की. बाळासाठी समदेच थांबत्यात."

मंद्रूपच्या एका मावशींनी लेकीच्या बाळंतपणासाठी पिवळं टोपरं सांगितलं होतं. बाळ राहिलं नाही असा त्यांचा फोन आला, तेव्हा मी ओसरीवरच होते. वहिनींनी डब्यातून टोपरं काढलं, सुई सोडवली आणि दोरा ओढला. बघता बघता ते सगळं उसवलं. दोऱ्याचा गुंडा त्यांनी डब्याच्या तळाशी ठेवला.

महिन्याभरानं मावशी आल्या. "त्या टोपऱ्याचं काय करायचं?"

वहिनींनी टाके मोजणं थांबवून त्यांच्याकडं बघितलं. "मी ते अजून विणायलाच घेतलं न्हवतं की, मावशी."